चॅनेलमधला द्रव, चुंबक आणि विजेची परतीची वाट

खानदेशात चुंबक आणि वाहतं पाणी ही जोडी दोन ठिकाणी हमखास भेटते. कृषी प्रदर्शनात पाइपला बाहेरून अडकवायचं चुंबक विकायला असतं, आणि विकणारा सांगतो की यानं पाणी 'हलकं' होतं. दुसरी जागा म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांतली एम.एस्सी.च्या प्रकल्पांची यादी. तिथे दरवर्षी दोन-तीन विषय 'एमएचडी प्रवाह' या नावाचे असतात; एमएचडी म्हणजे मॅग्नेटोहायड्रोडायनॅमिक्स, चुंबकीय क्षेत्रातून वाहणाऱ्या वीजवाहक द्रवाचं शास्त्र. पहिल्या जागी चुंबकाचा परिणाम फुगवून सांगतात. दुसऱ्या जागी समीकरणात उणे चिन्हाची एक संज्ञा (पद) कुठल्यातरी शोधनिबंधातून आयती उचललेली असते, आणि ती तिथे का आली असं विचारलं की सगळे वहीत बघायला लागतात. दोन्हीकडे एकच प्रश्न विचारायचा राहिलेला असतो: वीज तयार झाली असेल, पण ती परत कुठून जाते?

या विषयात नव्यानं शिरणाऱ्याला मी हाच प्रश्न हातात देतो आणि मग पुढच्या पायऱ्या घेतो. कॅल्क्युलस येत नसेल तरी निम्म्याहून जास्त लेख कळेल.

पहिली पायरी: तीन कड्यांची साखळी

वीजवाहक द्रव चुंबकीय क्षेत्रातून आडवा गेला की त्यात विद्युतदाब तयार होतो. त्या दाबाला बंद वाट मिळाली तर विद्युतप्रवाह वाहतो. आणि त्या प्रवाहावर तेच चुंबकीय क्षेत्र बल लावतं, ते द्रवाच्या गतीच्या उलट. साखळी एवढीच. मधली कडी तुटली, म्हणजे प्रवाहाला वाट मिळाली नाही, तर विद्युतदाब असतो पण ब्रेक लागत नाही. शंभरातले नव्वद गोंधळ या मधल्या कडीपाशीच होतात.

दिशा पक्क्या करायला तापी घ्या. ती पश्चिमेला वाहते. आपल्याकडे पृथ्वीच्या क्षेत्राचा उभा घटक खाली, जमिनीत जाणारा आहे, साधारण २० मायक्रोटेस्ला. उजव्या हाताचा नियम लावलात की पाण्यातली वीज दक्षिण तीराकडे ढकलली जाते, आणि ती खरंच वाहिली तर तिच्यावरचं बल पूर्वेकडे, म्हणजे नदीच्या उलट येतं. विद्युतदाब काढायचा तर क्षेत्र × रुंदी × वेग. पात्र ३०० मीटर, वेग सेकंदाला १ मीटर धरला तर ६ मिलिव्होल्ट. मायकेल फॅरेडेनं १८३२ साली लंडनच्या वॉटर्लू पुलावरून थेम्समध्ये तांब्याचे पत्रे सोडून हेच मोजायचा प्रयत्न केला होता. त्याला खात्रीलायक आकडा मिळाला नाही, कारण पत्रा आणि पाणी यांच्यात रासायनिक क्रियेनं जो विद्युतदाब तयार होतो, त्यात हे काही मिलिव्होल्ट बुडून जातात.

आज पाणीपुरवठा योजनांच्या मुख्य पाइपवर बसणारा इलेक्ट्रोमॅग्नेटिक फ्लोमीटर त्याच कल्पनेवर चालतो. पाइपच्या आत इन्सुलेशनचं अस्तर, दोन बाजूंना दोन छोटे इलेक्ट्रोड आणि बाहेर कॉइल. क्षेत्र ५ मिलिटेस्ला, व्यास १०० मिलिमीटर, वेग सेकंदाला २ मीटर, तर १ मिलिव्होल्ट मिळतो. पत्र्याच्या रसायनाचा त्रास टाळायला कॉइलचा प्रवाह सतत उलटसुलट करतात. क्षेत्राबरोबर जो सिग्नल उलटतो तेवढाच खरा धरायचा. या मीटरमध्ये विद्युतप्रवाह जवळजवळ वाहूच देत नाहीत. म्हणून तो पाणी मोजतो, पण अडवत नाही.

दुसरी पायरी: हार्टमन अंक काढा, मग बोला

१९३७ साली डेन्मार्कच्या युलियस हार्टमननं पारा चॅनेलमधून वाहवून, आडवं क्षेत्र लावून मोजमापं केली. त्याचं गणित आणि प्रयोग दोन्ही आजही पहिला धडा म्हणून शिकवतात. पुढे १९४२ मध्ये स्वीडनच्या हानेस आल्फवेननं अवकाशातल्या प्लाझ्माकडे, म्हणजे वीजवाहक वायूकडे, याच नजरेनं पाहिलं आणि १९७० मध्ये त्याला नोबेल मिळालं. आपण जमिनीवरच राहू, चॅनेलमध्ये. पांझरा नदीवरच्या फड सिंचनातले पाट पाहिलेल्याला चॅनेल म्हणजे काय हे वेगळं सांगायची गरज नाही.

हार्टमन अंक = चुंबकीय क्षेत्र × अर्धी उंची × √(वाहकता ÷ श्यानता)

अर्धी उंची क्षेत्राच्या दिशेनं मोजायची. श्यानता म्हणजे द्रवाचा चिकटपणा. या अंकाचा वर्ग म्हणजे चुंबकीय ब्रेक आणि श्यानतेचा ब्रेक यांचं गुणोत्तर. अंक १ च्या खूप खाली असेल तर चुंबक असला काय नि नसला काय.

आता क्षेत्र ०.३ टेस्ला आणि अर्धी उंची १ सेंटिमीटर हे कायम ठेवून द्रव बदलत जा. समुद्राच्या पाण्याची वाहकता मीटरमागे सुमारे ५ सीमेन्स, श्यानता ०.००१ पास्कल-सेकंद: अंक येतो ०.२१. पारा घेतला तर वाहकता दहा लाखांच्या थोडी वर, श्यानता पाण्याच्या दीडपट: अंक ७८. गॅलियम, इंडियम आणि कथील यांचं खोलीच्या तापमानाला द्रव राहणारं मिश्रण, ज्याला गॅलिन्स्टन म्हणतात, त्याचा सुमारे ११०. म्हणजे मीठ कितीही विरघळवलंत तरी घरच्या चुंबकानं पाणी थांबताना दिसणार नाही. ते दृश्य हवं असेल तर द्रव धातू लागतो. पाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. त्याची वाफ विषारी आहे आणि आपल्या उन्हाळ्यात ती जास्तच होते. गॅलिन्स्टन परवडलंच तर ते ॲल्युमिनियमला लागू देऊ नका, पत्रा भुसभुशीत होतो.

युनिटची एक अडचण इथे सांगून टाकतो. केळी-कापसाला ठिबकमधून खत देणाऱ्यांकडे ईसी मीटर असतो. तो वाहकताच दाखवतो, पण मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये. त्याला १० नं भागलं की मीटरमागे सीमेन्स मिळतात. विहिरीच्या पाण्याचा ईसी १ असेल तर सूत्रात ०.१ टाकायचं. शिवाय हे मीटर बहुधा २५ अंशांवर आणलेला आकडा दाखवतात. पाण्यातल्या क्षारांची वाहकता दर अंशाला साधारण २ टक्के वाढते, म्हणजे भुसावळच्या मे महिन्यात ४२ अंशांवर खरी वाहकता मीटरवरच्या आकड्यापेक्षा जवळपास एक तृतीयांशानं जास्त असते. हिवाळ्यात घेतलेली आणि उन्हाळ्यात घेतलेली मापं शेजारी ठेवताना हे विसरू नका.

आता ते प्रदर्शनातलं चुंबक. ६३ मिलिमीटरचा पाइप, त्रिज्या ३ सेंटिमीटर धरू, ईसी १, आणि उदार मनानं पाइपच्या आत ०.२ टेस्ला क्षेत्र. हार्टमन अंक ०.०६. पाणी सेकंदाला १ मीटर वेगानं जात असेल तर रेनॉल्ड्स अंक, म्हणजे जडत्व आणि श्यानता यांचं गुणोत्तर, ३०,०००. हार्टमन अंकाच्या वर्गाला रेनॉल्ड्स अंकानं भागलं की चुंबकीय बल हे पाण्याच्या जडत्वाच्या तुलनेत किती ते कळतं: साधारण एक कोटीत एक. प्रवाहाच्या दृष्टीनं ते चुंबक तिथे नाहीच. क्षार धरण्या-न धरण्याचा दावा रसायनाचा आहे, तो वेगळा तपासावा लागेल. पण 'चुंबकानं पाण्याचा वेग बदलतो' असं कोणी म्हणालं तर हा हिशेब त्याच्यासमोर कागदावर करून दाखवा.

तिसरी पायरी: घरचा चॅनेल

पाणी चुंबकानं थांबत नाही, पण ढकलता येतं. बाहेरून वीज सोडायची आणि तिच्यावर चुंबकाचं बल घ्यायचं. जपाननं १९९२ मध्ये 'यामातो-१' नावाचं जहाज कोबेच्या बंदरात याच तत्त्वावर, पंख्याशिवाय, समुद्राचं पाणी मागे ढकलून चालवलं. आपण वायरिंगची केसिंग-कॅपिंग पट्टी वापरू. प्लास्टिकची असल्यानं भिंती आपोआप वीजरोधक होतात, आणि कुठल्याही इलेक्ट्रिकल दुकानात मिळते.

एक इंची पट्टीचे चार तुकडे कापून चौकोनी बंद वाट बनवा, एकूण लांबी साधारण ६० सेंटिमीटर. कोपरे ४५ अंशांत कापा आणि एम-सीलनं बाहेरून भरा. रात्रभर वाळू द्या, मग साधं पाणी भरून गळती बघा. एका सरळ बाजूच्या दोन्ही आतल्या भिंतींना तांब्याची १० सेंटिमीटर लांब पट्टी चिकटवा. दोन पट्ट्यांमध्ये २ सेंटिमीटर अंतर राहील असं पाहा. त्यांच्या खाली, केसिंगच्या बाहेर, लोखंडी पट्टीवर चपटे चुंबक ओळीनं बसवा, सगळ्यांचा एकच ध्रुव वर. ते एकमेकांना ढकलतात, पण लोखंडाला चिकटून राहतात, आणि लोखंडामुळे वरचं क्षेत्र थोडं वाढतंही. ओळ तांब्याच्या पट्टीपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे सगळी वीज क्षेत्राच्या आतूनच जाते.

द्रव कोणता? मिठाचं पाणी बहुतेक ठिकाणी सुचवलेलं असतं. मला ते पसंत नाही. एका पट्टीवर क्लोरीन, दुसरीवर हायड्रोजन. बुडबुड्यांमुळे प्रवाह दिसत नाही आणि खोलीत वास कोंडतो. त्याऐवजी कृषी सेवा केंद्रातून मोरचूद आणा, बोर्डो मिश्रणासाठी मिळतं तेच. पाव लिटर पाण्यात ५० ग्रॅम. बोअरचं पाणी घेतलंत तर त्यातल्या क्षारांमुळे द्रावण गढूळ होतं, म्हणून बॅटरीचं पाणी घ्या आणि द्रावण फडक्यातून गाळा. तांब्याच्या पट्ट्या आणि मोरचूद ही जोडी गुणी आहे: एका पट्टीवरचं तांबं विरघळतं, तेवढंच दुसरीवर बसतं, वायू निघत नाही आणि द्रावणाची ताकद तीच राहते. १ अँपिअरला तासाभरात १.२ ग्रॅम तांबं इकडचं तिकडे जातं. हातमोजे घाला, डोळ्यांना लागू देऊ नका. काम झालं की द्रावण प्लास्टिकच्या बाटलीत भरून नाव लिहून ठेवा. गटारात, विहिरीत किंवा बांधावर ओतू नका. माशांना ते घातक आहे, आणि तसंही ते पुढच्या वर्षी वापरता येतं.

वीज मोटरसायकलच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून घ्या, मध्ये इंडिकेटरचा १० वॅटचा बल्ब जोडून. पट्ट्या एकमेकींना चुकून लागल्या तरी नुसता बल्ब पेटेल. घरच्या लाइनच्या आसपासही जाऊ नका.

आता आकडे. द्रव १ सेंटिमीटर खोल भरा. वाहकता मीटरमागे ४ सीमेन्स धरली तर पट्ट्यांमधला रोध ५ ओहम येतो, आणि बल्बसकट सुमारे ०.७ अँपिअर वाहतात. द्रवाला मिळणारा दाब = विद्युतप्रवाह × क्षेत्र ÷ खोली. क्षेत्र ०.१ टेस्ला धरलं तर ७ पास्कल, म्हणजे पाण्याची पाऊण मिलिमीटरही नाही एवढी उंची. हसू येण्यासारखा आकडा, पण मिरपूड टाकून बघा: चिमूटभर पूड पट्ट्यांपाशी आधी जरा घुटमळते, मग सरळ बाजूनं सरकत कोपऱ्यावर भोवरा घेते आणि फेरी पूर्ण करते. भिंतीलगतचे कण मागे राहतात, मधले पुढे जातात. वेग सेकंदाला काही सेंटिमीटर.

तपासणी अशी करा. वायरी उलट्या करा, प्रवाह उलटा फिरला पाहिजे. चुंबकांची ओळ उलटी करा, पुन्हा उलटा. दोन्ही एकदम उलटे केले तर दिशा बदलता कामा नये. चुंबक काढून घेतला तर फिरणं थांबायला हवं. थांबलं नाही तर तुम्ही बघत होता ते गरम झालेल्या द्रावणाचं अभिसरण होतं. मोबाइलमधलं मॅग्नेटोमीटर ॲप इथे कामाचं नाही, ते काही मिलिटेस्लाच्या पुढे जात नाही आणि फोनही बिथरतो.

मुलांना हा प्रयोग झाल्यावर मी एक हिशेब करायला लावतो. द्रव सेकंदाला ५ सेंटिमीटर वेगानं वाहतोय, क्षेत्र ०.१ टेस्ला, रुंदी २ सेंटिमीटर. त्याचा स्वतःचा उलट विद्युतदाब किती? ०.१ मिलिव्होल्ट. द्रावणात आपण देतोय ३ ते ५ व्होल्ट. ५ व्होल्ट धरले तर पन्नास हजारांत एक भाग द्रव ढकलण्यात जातो, बाकी सगळी ऊर्जा द्रावण तापवते. पाण्यात चुंबकाचा ब्रेक का दिसत नाही आणि यामातोसारखी जहाजं का पसरली नाहीत, दोन्हीची उत्तरं या एका भागाकारात आहेत.

चौथी पायरी: कागदावरचा हार्टमन प्रवाह

दोन समांतर पाटे, मध्ये द्रव, क्षेत्र पाट्यांना लंब. मधल्या रेषेपासूनचं अंतर अर्ध्या उंचीनं भागून त्याला 'य' म्हणू, हार्टमन अंकाला 'ह'. स्थिर प्रवाहाचं उत्तर असं येतं:

वेग = स्थिरांक × [१ − कॉश(ह × य) ÷ कॉश(ह)]

कॉश म्हणजे हायपरबोलिक कोसाइन, स्प्रेडशीटमधलं COSH. 'ह' शून्याकडे नेलात की नेहमीचा परवलय मिळतो. हे हातानं करून बघा, सोडू नका. 'ह' वाढवलात की मधला भाग सपाट होतो आणि सगळा उतार भिंतीलगतच्या पातळ थरात जमा होतो. थराची जाडी अर्धी उंची भागिले 'ह'. स्प्रेडशीटमध्ये 'य' ० पासून १ पर्यंत ०.०१ च्या टप्प्यांनी घ्या आणि मधला वेग भागिले सरासरी वेग काढा: चुंबक नसताना १.५, ह = १ ला १.४८, ह = ५ ला १.२३, ह = २० ला १.०५. हे जुळलं तर तुमचं शीट बरोबर आहे. 'ह' सातशेच्या पुढे गेलं की कॉशचं फंक्शन एरर देतं. तेव्हा १ − घातांकी(−ह × (१ − य)) हे रूप वापरा, फरक दिसणारही नाही.

या कंसातलं रूप भिंती वीजरोधक असोत की वाहक, तेच राहतं. बदलतो तो बाहेरचा स्थिरांक, आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

भिंती वीजरोधक असतील तर मधल्या द्रवात तयार झालेल्या विद्युतप्रवाहाला परतायला भिंतीलगतचे ते पातळ थर एवढीच जागा उरते. वाट अरुंद, म्हणून विद्युतप्रवाह थोडा, म्हणून ब्रेकही बेताचा. दोन्ही बाजूंचे इलेक्ट्रोड बाहेरून जाड तांब्यानं जोडले, किंवा पाटेच उत्तम वाहक असले, तर परतीची वाट मोकळी, आणि ब्रेक पूर्ण. पाऱ्याचा ७८ हाच अंक घ्या. तोच सरासरी वेग टिकवायला चुंबक नसतानाच्या तुलनेत वीजरोधक भिंतींत सुमारे २६ पट दाब लागतो, मोकळ्या वाटेत सुमारे २,००० पट. द्रव तोच, चुंबक तोच, मापंही तीच.

म्हणून समीकरणात '− वाहकता × क्षेत्राचा वर्ग × वेग' ही संज्ञा लिहिण्याआधी थांबा. ती फक्त विद्युतक्षेत्र शून्य असताना, म्हणजे मोकळ्या वाटेला लागू आहे. वीजरोधक चॅनेलमध्ये वेगाच्या जागी वेग उणे सरासरी वेग येतो, कारण एकूण विद्युतप्रवाह शून्य राहायला हवा. आपल्याकडच्या कितीतरी प्रबंधांत ही संज्ञा विचार न करता टाकलेली दिसते. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक हे विचारत नाहीत, हे तुमचं नशीब; पण विचारायला हवं.

पाचवी पायरी: कॉम्प्युटरवर आणि खऱ्या चॅनेलमध्ये

ओपनफोम हे द्रवप्रवाहाचं गणित सोडवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात एमएचडीफोम नावाचा सॉल्व्हर आणि हार्टमन प्रवाहाचं तयार उदाहरण आहे. ते आधी चालवा आणि चौथ्या पायरीच्या सूत्राशी ताडा. हिशेबाच्या बिंदूंची जाळी भिंतीशी दाट करा. ह = १०० आणि अर्धी उंची १ सेंटिमीटर असेल तर थर ०.१ मिलिमीटरचा, त्यात निदान पाच-सहा बिंदू पडले पाहिजेत. एकसारख्या जाळीनं तो थर हरवतो, आणि रंगीत चित्र मात्र छानच दिसतं.

खरा चॅनेल आयताकृती असतो, त्याला क्षेत्राला समांतर भिंतीही असतात. तिथला थर जाड असतो, अर्धी उंची भागिले √ह. वीजरोधक आयताकृती चॅनेलचं उत्तर शेरक्लिफनं १९५३ मध्ये दिलं. क्षेत्राला लंब भिंती वाहक आणि बाजूच्या वीजरोधक असल्या तर बाजूंना वेगाच्या धारा उसळतात, ते हंटनं १९६५ मध्ये दाखवलं. टर्ब्युलन्ससाठी, म्हणजे प्रवाहातल्या खळबळीसाठी, रेनॉल्ड्स अंक भागिले हार्टमन अंक बघायचा; तो साधारण ३८० च्या खाली असेल तर वीजरोधक चॅनेलमधला प्रवाह शांत राहतो. आपला पारा सेकंदाला १० सेंटिमीटर वेगानं गेला तर हा भागाकार ११० च्या आसपास येतो. चुंबक नसता तर तोच प्रवाह खळबळला असता.

भिंत पूर्ण वीजरोधकही नसेल आणि पूर्ण वाहकही नसेल, तर एक गुणोत्तर काढा: भिंतीची वाहकता × जाडी, भागिले द्रवाची वाहकता × अर्धी उंची. पाऱ्याच्या त्याच चॅनेलला १ मिलिमीटर स्टेनलेस स्टीलची भिंत दिली तर हे ०.१३ येतं. छोटं वाटतं, पण त्याची तुलना १ शी नाही, १ ÷ ७८ शी करायची, आणि त्या हिशेबात दाब वीजरोधक भिंतीच्या सुमारे दहापट होतो. कल्पाक्कमच्या अणुभट्ट्यांतला द्रव सोडियम इलेक्ट्रोमॅग्नेटिक पंपानं ढकलणं असो की गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत चाललेलं शिसं-लिथियमच्या प्रवाहाचं काम असो, आराखड्यात हे गुणोत्तर आधी येतं. फ्यूजनच्या भट्टीत क्षेत्र काही टेस्ला असतं, हार्टमन अंक दहा हजारांच्या घरात जातो, आणि म्हणून तिथे नळीच्या आत ॲल्युमिनासारख्या सिरॅमिकचा लेप द्यायची धडपड चालते.

प्रकल्पाला विषय हवा असेल तर इथूनच घ्या: त्या लेपाला तडा गेला आणि भिंतीचा दहावा भाग उघडा पडला, तर दाब किती वाढेल? आधी स्प्रेडशीटवर ढोबळ अंदाज लिहून ठेवा, मग ओपनफोम उघडा.